अजून न जन्मलेल्या मुलीचे डोळे

माझी मुलगी माझ्या डोहाळजेवणाला हजर होती. माझ्याच मांडीवर, दुपट्यात गुंडाळलेली, तोंड उघडं टाकून झोपलेली. ही थाप नाही, मोबाईलमध्ये फोटो आहे. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, ओटीत नारळ आणि नारळाच्या शेजारी नारळाहून थोडीशीच मोठी ती. शेजारच्या दोघी उंबऱ्याबाहेर तोंडाला पदर बांधून उभ्या होत्या आणि तिथूनच गाणी म्हणत होत्या. मग सासूनं दोन झाकलेल्या वाट्या पुढं केल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी वाटी उघडली तर पेढा. मांडीवरच्या मुलीनं तेवढ्यात दुपटं ओलं केलं.

हे असं कसं झालं ते सांगते. त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. आणि एक गोष्ट अशी आहे, जी मी चार वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

मी सुप्याला कंपनीत कामाला आहे. मोटरसायकलच्या ब्रेकचे सुटे भाग बनतात, आणि मी शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बसते. बरोबर असेल त्याला हिरवं स्टिकर, चुकलेल्याला लाल. डिप्लोमा झालेली सून म्हणून गावात थोडी ऐट होती माझी, नाही कशाला म्हणू. नवऱ्याचा टेम्पो आहे, कंपन्यांचा माल पुण्याला नेतो. घरी सासू. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. आत्या शाळेत गेलेली नाही. पण कोणाच्या म्हशीला कितवा महिना लागलाय ते गावात तिला विचारतात.

सातवा संपत आला होता. डोहाळजेवणाची साडी आणून ठेवली होती, घडी मोडली नव्हती. एक दिवस टेबलावर बसल्या बसल्या स्टिकरं धूसर दिसायला लागली, डोकं ठणकायला लागलं, पाय तर आधीच सुजलेले. कंपनीच्या नर्सनं बीपी बघितलं आणि पुन्हा बघितलं, आणि मग मशीन बिघडलंय असं समजून स्वतःचं बघितलं. मशीन ठीक होतं. नवऱ्यानं अर्धा भरलेला टेम्पो तसाच सोडून मला नगरला नेलं, आणि त्याच संध्याकाळी पोट फाडून मुलगी काढली. तिसावा आठवडा. चाळीस हवे असतात. वजन एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम. माझ्या टेबलावरचे काही भाग याहून जड असतात आणि त्यांना लाल स्टिकर लावताना मी फार विचार करत नाही.

तिला काचेच्या पेटीत ठेवलं. नाकात नळी, पायाला वायर, हाताला सुई, छातीवर तीन गोल चिकटवलेले. सगळ्यात लहान डायपर आणलं तर ते तिच्या गळ्यापर्यंत आलं, मग नर्सनं कात्रीनं अर्धं केलं. श्वास घ्यायला विसरते म्हणून औषध सुरू झालं. ते काय असतं विचारलं तर म्हणे कॉफीत असतं तेच. म्हणजे माझ्या मुलीनं जगात येऊन दुधाआधी कॉफी घेतली. आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, शहरात झाली की असंच व्हायचं.

पैशाचं म्हणाल तर केशरी रेशनकार्डावर सरकारी योजनेत पेटीचं भाडं बसलं. पण योजनेतही त्या पेटीसारखीच भोकं असतात. फुफ्फुसं उघडण्याचं पहिलं औषध बाहेरून, रक्त बाहेरून, डोळ्यांचे डॉक्टर बाहेरून येतात म्हणून त्यांची फी वेगळी. योजनेसाठी बाळाचं नाव लागतं, आणि बारसं न झालेल्या मुलीला नाव कुठलं. कागदावर ती महिनाभर माझ्याच नावापुढं ‘चे बाळ’ होती. काउंटरवरचा माणूस रोज मलाच विचारायचा, पेशंट कोण, तुम्ही का. मी एकदा भडकून म्हटलं, हो मीच, मलाच पेटीत ठेवा. तर तो शांतपणे म्हणाला, मग तुमचं आधार कार्ड द्या.

नवऱ्यानंही आपल्या परीनं धिंगाणा घातला. बाळाला उघड्या छातीवर घेऊन बसायचं असतं, त्यानं वजन वाढतं. मला बीपीमुळं बसवत नव्हतं म्हणून नर्स म्हणाली, बाप बसेल. टेम्पो चालवणारा सहा फुटी माणूस शर्ट काढून खुर्चीत आडवा, पोट वर, आणि पोटाच्या वर ती. या प्रकाराला कांगारूचं नाव आहे. आत्यानं ते कोणतं जनावर ते विचारून घेतलं आणि काचेतून बघत म्हणाली की जनावर बरंय, पण याच्या पोटाला पिशवी कमी आणि घागर जास्त हाय. नवरा हलायला तयार नव्हता. चार-चार तास बसायचा. पाय मुंग्यांनी भरायचे तरी उठायचा नाही. तो तिथं रडलाही, पण मी बघितलं नाही असं दाखवलं.

चौथ्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टर आल्या. इतक्या लवकर आलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. त्या नंतर वाढतात, आणि कधीकधी वेड्यावाकड्या वाढून पडदाच ओढून घेतात. वेळेत दिसलं तर थांबवता येतं. नाही दिसलं तर मूल आंधळं होतं. हे मला नर्सनं इतक्या सरळ शब्दांत सांगितलं होतं. त्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, अजून ठीक आहे, पण वाढ पुरी नाही, पुन्हा बघावं लागेल. पुढच्या आठवड्यात मुलगी दीड किलोच्या वर गेली आणि घरी सोडलं. सोडताना एक पिवळं कार्ड दिलं. त्यावर एका ओळीत लिहिलं होतं: डोळे तपासणी, वय सहा आठवडे.

कार्ड हातात ठेवून लहान मुलांचे डॉक्टर आम्हा तिघांना समोर बसवून बोलले. ते वाक्य मला आजही पाठ आहे.

“हिचं वय जन्मतारखेपासून मोजू नका. ज्या तारखेला ती यायला हवी होती, तिथून मोजा. नाहीतर मान का धरत नाही, बसत का नाही, म्हणून उगाच घाबराल.”

मला हे लगेच कळलं. खरं तर गरजेपेक्षा जास्तच कळलं. आमच्या कंपनीत भाग जानेवारीत बनला आणि एप्रिलमध्ये विकला गेला तर वॉरंटी एप्रिलपासून सुरू. मधले तीन महिने तो रॅकवर पडून असतो, ते कुणी धरत नाही. बनल्याची तारीख वेगळी, वॉरंटीची वेगळी. नव्या पोरींना हे समजावता समजावता माझा घसा बसतो. डॉक्टर बोलत असताना मी नवऱ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे याला नंतर मी समजावते.

आत्याला कुणी समजवायची गरज पडली नाही. गाडीत बसल्या बसल्या ती म्हणाली, म्हंजी अजून झालीच न्हाई म्हना की.

आणि त्या दिवसापासून आमच्या घरात मुलगी जन्मलेली नव्हती. झालीच नाही तर सुयेर कसलं, पेढे कसले, आणि बघायला कोण येणार. पाव्हणे झबलं-टोपडं घेऊन दारात यायचे तेव्हा आत्या उंबऱ्यातच सांगायची, अजून व्हायचीय, आगाव आलीय, तारखेनंतर या. मला हे फार आवडलं. डॉक्टरांनी गर्दी नको म्हणून दहादा सांगितलं होतं, आणि गावात ‘जंतुसंसर्ग’ म्हटलं की माणसं अपमान समजतात. ‘अजून जन्मली नाही’ म्हटलं की हसत परत जातात. नववा लागला तशी आत्यानं घडी न मोडलेली साडी बाहेर काढली. डोहाळजेवण राहिलंय ते करून टाकू म्हणाली. मी नको म्हणायला हवं होतं, पण साडी छान होती.

दुसरीकडं तिनं असंही जाहीर केलं होतं की घरी आल्यापासून सव्वा महिना बाळ-बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. मी म्हटलं, अहो आत्या, न जन्मलेल्या मुलीची बाळंतीण कशी असेल. ती म्हणाली की दोन्ही पाळू, बिघडतंय काय. म्हणून मी एकाच वेळी गर्भारही होते आणि बाळंतीणही. शेक-शेगडीही चालू आणि ओटीही भरलेली. अशी चैन फार कमी बायकांच्या नशिबी येते.

आता खरी गोष्ट.

पिवळं कार्ड मी भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचलं आणि तारखा मांडायला बसले. तपासणीच्या टेबलावरची बाई मी, कुणाला हात लावू देते होय. लसी, वजन, डोळे. कार्डावर डोळ्यापुढं वय सहा आठवडे. मुलीचं वय किती? उणे पाच आठवडे. सहा आठवड्यांची कधी होणार? तारखेनंतर दीड महिन्यानं. मी तिथं लाल पेननं गोल केला, पुढं ‘डोळे’ लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. घरात आल्यापासून पहिल्यांदा सगळं हातात आल्यासारखं वाटलं.

चार-पाच दिवसांनी आत्या मुलीला तेल लावत होती. म्हणाली, डोळं बघायला परत न्यायचं हुतं ना हिला? मी म्हटलं, अजून लई वेळ आहे. ती म्हणाली, बाई तर परत लवकर या म्हनली हुती, माझ्या कानानं ऐकलंय. सव्वा महिन्याचं नको बघू, डोळ्यासाठी जायचं असंल तर टेम्पोत कांबळं टाकून जाऊ.

मी हसले. वर म्हणाले, “आत्या, ते कार्डावरचं गणित तुम्हाला नाही कळायचं. तिचं वय अजून उणे चार आहे.”

ती परत तेल लावायला लागली. उणे काय असतं ते तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण बैल रिकामा राहिला तर बैलाचं काही जात नाही.

मुलगी आठ आठवड्यांची झाली, म्हणजे माझ्या हिशोबानं उणे दोन, तेव्हा नगरहून नर्सचा फोन आला. पेटीजवळची तीच नर्स, डायपर कापणारी. दोन आठवडे झाले, तुम्ही डोळ्याला आला नाहीत, म्हणाली. मी मोठ्या ऐटीत तिला सांगितलं की अजून तारीख कुठं आलीय, ती तर अजून जन्मायचीय. पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला.

मग ती म्हणाली, “ताई, वाढ मोजायला ते वय. डोळे जन्मल्या दिवसापासून मोजतात. आज या. उद्या नाही, आज.”

मी भिंतीकडं बघितलं. पुढच्या एका पानावर लाल गोल होता, नीट, गोल, सुंदर. डॉक्टर म्हणाले होते मान धरणं, बसणं. डोळे म्हणाले नव्हते. तेवढंच मला ऐकायला हवं होतं आणि तेवढंच मी ऐकलं नव्हतं. मी कॅलेंडरचं ते पान फाडलं, घडी केली आणि ब्लाऊजमध्ये घातलं. आत्या दारात उभी होती. तिनं बघितलं. मग ती मुलीला टोपडं घालायला लागली.

नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांनी पापण्यांत चिमटा लावून बघितलं. मुलगी किंचाळत होती आणि मी भिंतीला पाठ लावून उभी होते. दोन्ही डोळ्यांत बिघाड सुरू झाला होता, उजव्यात जास्त. दोन दिवसांच्या आत पुण्याला जाऊन लेझर करा, नाहीतर पुढं काही सांगता येत नाही. बाई चांगल्या होत्या, पण चिडल्या होत्या, आणि चिडायला हक्क होता. त्यांनी तपासणीचा दिवा बंद केला आणि विचारलं, “कार्डावर लिहून दिलं होतं. एवढा उशीर का केला? कुणी अडवलं?”

नवरा माझ्याकडं बघत होता. माझं तोंड उघडलं. तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला.

“मीच न्हाई म्हनलं. सव्वा महिना उंबरा वलांडायचा नसतो.”

डॉक्टर तिला जे बोलल्या ते इथं लिहीत नाही. शिकलेल्या लोकांनी अडाणी सासवांना जे बोलायचं असतं ते सगळं बोलल्या. आत्या मान खाली घालून ऐकत होती. नवरा तर दवाखान्याच्या पायरीवर सगळ्या लोकांसमोर तिच्यावर ओरडला. मी तोंड मिटून घेतलं आणि ते मिटलेलंच राहिलं.

पैसे गोळा करायला नवरा गेला. लेझर योजनेत बसत नव्हतं, म्हणजे बसत होतं, पण बसवायला आठ दिवस लागत होते. कंपनीतल्या माझ्या लाईनच्या बायकांनी त्या महिन्याची भिशी नंबर नसताना मला दिली, आणि जिचा नंबर होता तिनंच ती घरी आणून दिली. तेवढा वेळ आम्ही दोघी दवाखान्यातल्या बाकावर होतो. मुलगी माझ्या पदराखाली पीत होती. मी आत्याला विचारलं, का बोललात असं.

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “अंगावर पितीय ती. तुला असं बोलले असते तर तुझं दूध आटलं असतं. माझं काय आटायचं राह्यलंय?”

पुण्यात लेझर झालं. मी बाहेर बसून होते, आत तिचा आवाज येत होता, तासभर. देवाला काही मागायलाही तोंड नव्हतं मला. डावा डोळा वाचला. उजव्याचा पडदा थोडा ओढला गेला होता. किती दिसेल ते मूल मोठं झाल्यावर कळेल, म्हणाले.

त्यानंतरची वर्षं दवाखान्याच्या फायलीत गेली. लोकांना वाटतं पेटीतनं बाळ घरी आलं की संपलं. अहो, तिथून तर सुरू होतं. कान तपासा, मेंदूची सोनोग्राफी करा, दर सर्दीला वाफ, दोनदा न्यूमोनियानं अॅडमिट, पाय कडक आहेत म्हणून व्यायामाच्या बाईकडं आठवड्यातनं दोनदा. व्यायामाची फी दीडशे आणि जायला-यायला रिक्षा तीनशे. दीड वर्षाची असताना चष्मा लागला. एवढा लहान चष्मा नगरला मिळेना, पुण्याहून मागवला, मागं इलास्टिक. पहिला तिनं पाण्याच्या टाकीत टाकला, दुसरा शेळीनं चावला, तिसऱ्यावर टेम्पो गेला, आणि टेम्पो तिच्या बापाचाच. त्यात वर पट्टी. चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायची, म्हणजे आळशी डोळा कामाला लागतो. पट्टी लावली की ती भिंत चाचपत चालायची आणि येईल त्याला शिव्या द्यायची. शिव्या आत्याच्या.

आणि या सगळ्यात एक वाक्य घरात मुरून गेलं: म्हातारीच्या सव्वा महिन्यानं पोरीचा डोळा खाल्ला. नवरा पहिले सहा महिने आईशी बोलला नाही. नणंद दिवाळीला आली की ताटावर बसल्या बसल्या म्हणायची. शेजारणी म्हणायच्या. पुण्याच्या दर नव्या डॉक्टरला उशिराचं कारण सांगावं लागायचं आणि आत्या स्वतःच पुढं होऊन सांगायची. मी शेजारी बसून फाईल सरळ करायचे. आधी मी स्वतःला सांगितलं, दूध चालू आहे तोवर गप्प राहू, आत्याच म्हणाली ना. दूध पावणेदोन वर्षांनी तुटलं. मग म्हटलं, आता जुनं उकरून काय करायचं. खरं कारण एकच होतं. मला भीती वाटत होती. नवरा माझ्याकडं तसं बघेल, जसं त्यानं पायरीवर तिच्याकडं बघितलं, ते मला सोसलं नसतं. तिला सोसत होतं ना, मग सोसू दे. इतकी मी नीच होते, आणि त्यातही रोज जेवत होते.

गेल्या महिन्यात पुण्याला गेलो. मुलगी आता साडेचार वर्षांची. बालवाडीत जाते, चष्म्यावर चिडवणाऱ्या एकाला चावून आलीय. डॉक्टरांनी तक्ते दाखवले, चित्रं दाखवली, डाव्या डोळ्यानं तिनं पार खालच्या ओळीतली मांजर ओळखली. मग डावा झाकला. समोर भला मोठा हत्ती होता. ती म्हणाली, पडदा हाय. डॉक्टरांनी पुढं आणला. ती म्हणाली, पडदाच हाय.

डॉक्टर आमच्याकडं वळल्या आणि म्हणाल्या की आता पट्टी बंद करू या, उजवा याहून सुधारणार नाही. डावा उत्तम आहे, शाळा होईल, सगळं होईल, चांगल्या डोळ्याला जपा. हळू आवाजात बोलल्या. पट्टी बंद म्हटल्यावर मुलीला आनंद झाला आणि ती खुर्चीवर उभी राहिली.

मी आत्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. आता तिचा सगळा चेहरा गोळा झाला होता.

“माज्यामुळं,” ती म्हणाली. कुणाला सांगायला नाही, स्वतःशीच. “माज्या सव्वा महिन्यापायी पोरीचा डोळा गेला. मी नेऊ दिलं असतं तर.”

मला वाटलं, हे तिचं नेहमीचंच, डॉक्टरांसमोरचं. पण डॉक्टरांनी विचारलंच नव्हतं काही. ती माझ्यासाठी बोलत नव्हती. चार वर्षं सगळ्यांनी सांगितलं, तिनं स्वतः सांगितलं, आणि टेम्पोत कांबळं टाकून जाऊ म्हणणारी आत्या तिच्याच डोक्यातून पुसली गेली होती.

मी बोलले. तिथंच, डॉक्टरांसमोर, नवऱ्यासमोर, मुलीसमोर. तारीख मी मोजली होती. चूक मी केली. आत्यानं मला आठवण केली होती आणि मीच तिला गप्प केलं होतं. कॅलेंडरचं पान मी फाडलं होतं. नवरा माझ्याकडं बघत राहिला. ज्या नजरेला मी घाबरत होते तीच होती ती, आणि सोसली. मी आत्याचे दोन्ही हात धरले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तुम्ही नाही, आत्या. मी. तुम्ही न्यायचं म्हणत होतात.

तिनं नीट ऐकून घेतलं. मग हात सोडवून पदरानं डोळे पुसले आणि माझ्या गालावरनं हात फिरवला.

“गुनाची हायेस,” ती म्हणाली. “पन मला बरं वाटावं म्हनून एवढं खोटं बोलू नये, बाई.”